बैलाचा बर्थडे आणि बाकीची गिऱ्हाइकं

लग्नात फोटोग्राफर सगळ्यात शेवटी जेवतो. नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात, ते टिपायचं. मग विहिणींची पंगत, तीही टिपायची. सगळ्यांचे हात धुऊन झाले की कोणाला तरी आठवण होते, "अरे, फोटोवाल्यांनी खाल्लं का?" तोवर दुपारचे चार वाजलेले असतात आणि जिलेबीच्या परातीत नुसता पाक उरलेला असतो. मग मी, व्हिडिओवाला विलास आणि बँजोवाले असे एका टेबलावर बसतो, गार पुऱ्या खातो आणि गेल्या सीझनपासून साठलेलं एकमेकांना सांगत सुटतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मी गेली बारा वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून फिरतेय. हार्ड डिस्क दोनदा भरली. डोकं कितीदा भरलं त्याचा हिशोबच नाही!

*

बदलापूरजवळ खरवईला आमची भातशेती. मी बी.कॉम. झाले तेव्हा बाबांना वाटलं, पोरगी आता बँकेच्या परीक्षा देणार. पोरगी मामाने दिलेला सेकंडहँड कॅमेरा घेऊन शेताच्या बांधावर पालथी पडलेली!

एक छान फोल्डर तयार केलं. दवबिंदू, सूर्यास्त, कोळ्याचं जाळं आणि कावळा. कावळा मला फार आवडायचा, त्याचे नऊ फोटो होते. हे फोल्डर काखोटीला मारून काम शोधायला निघाले. अंबरनाथमध्ये दोन आणि उल्हासनगरात दोन, अशा चार स्टुडिओंनी नकार दिला. एकाने विचारलं, "काउंटरवर बसशील का? लेडीज असली की गिऱ्हाईक भांडत नाही." मी म्हटलं, "मला कॅमेऱ्यामागे उभं राहायचंय." तो म्हणाला, "मग दुसरीकडे बघ."

पाचवा स्टुडिओ उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला. मालक गोप अंकल, साठीचे सिंधी गृहस्थ, पांढरा शर्ट, चष्मा दोरीने छातीवर लोंबकळलेला. त्यांनी फोल्डर सावकाश शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "साईं, बहुत अच्छा. लेकिन इसमें माणूस किधर आहे?"

मी पुन्हा पानं उलटून बघितली.

"कौवे के नौ फोटो! कौवे की शादी है क्या?"

मी फोल्डर मिटून उठणार, तेवढ्यात एक बाई आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. पासपोर्टचा फोटो. तिची ती तिसरी खेप होती. बाळ समोर बघतच नव्हतं. खुळखुळा झाला, किल्ल्या झाल्या, मोबाईलवरची गाणी झाली. बाळ सगळीकडे बघायचं, फक्त कॅमेऱ्याकडे नाही. अंकलने कॅमेरा माझ्यापुढे सरकवला. "जा. निकाल."

मला काही सुचेना. मग घरी संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात घालायला आम्ही जशी हाक मारतो, तशी मारली. "आऽऽ टी-टी-टी-टी-टी!"

अख्खा स्टुडिओ चमकला! बाळ असं थक्क झालं, की तोंड मिटलेलं, दोन्ही कान दिसतायत, डोळे थेट लेन्समध्ये. क्लिक!

अंकलने चष्मा लावून स्क्रीन बघितली. "कल दस बजे आ जा," ते म्हणाले. "और कौवे को छुट्टी दे दे."

*

अंकलच्या स्टुडिओत एक काळा ब्लेझर होता. पाठीत उसवलेला, म्हणून मागून कपड्यांचे चिमटे लावायचे. पुढून बघाल तर कंपनीचा डायरेक्टर! नोकरीच्या अर्जापासून लग्नाच्या बायोडेटापर्यंत अर्ध्या कॅम्प चारचे फोटो त्या एका ब्लेझरमध्ये निघालेले.

एकदा अशोक नावाचा मुलगा बायोडेटासाठी फोटो काढून गेला. अंबरनाथला लेथवर काम करायचा, साधा, लाजाळू. दहा दिवसांनी परत आला तो आईला घेऊन. आई पेटलेली!

"मुलीकडचे काय म्हणाले ऐका! म्हणे, मुलगा चांगला आहे हो, पण हा कोट आमच्याकडे याआधी तीन वेळा येऊन गेलाय!"

मी हसू दाबायला पडद्यामागे पळाले. अंकल मात्र एकदम शांत. "मतलब कोट लोगों को पसंद है!"

अशोकचा चेहरा बघून माझं हसू गेलं. त्याला ती मुलगी खरंच आवडली होती. तो पुटपुटला, "त्यांना वाटतंय मी खोटा आहे." मी त्याला बाहेर दुकानाच्या दारात आणलं, त्याच्या कामावर जायच्या चौकड्याच्या शर्टात. दुपारचा उजेड तिरका येत होता. आई पाठीमागून बडबडतच होती, "भांग तरी नीट पाड रे, बावळटा!" त्यावर तो जो हसला, तो मी काढला.

तो फोटो त्याच मुलीकडे परत गेला आणि जमलं!

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत गेले तर खुंटीवर नवा कोरा ब्लेझर. निळा. अंकल खूश होऊन म्हणाले, "अब कोई नहीं पहचानेगा!"

*

आता विलासचा किस्सा. हा तो स्वतःच सांगतो, म्हणून मीही सांगते.

विलास अंबरनाथचा. नोकरी सोडून नुकताच व्हिडिओत उतरला होता. पहिलीच स्वतंत्र ऑर्डर. नवरीशी फोनवरच बोलणं झालेलं, प्रत्यक्ष भेट नाही. आदल्या दिवशी झोप नाही लागली म्हणून सकाळी सातलाच हॉलवर हजर. आत गेला, लाइट लावले आणि शूटिंग सुरू! गणपतीपूजन घेतलं, मामाने नवरीला आणलेलं घेतलं, नवरीच्या रुसलेल्या आत्यालाही हसवून फ्रेममध्ये घेतलं. लोक खूश. कोणी चहा आणून दिला, कोणी पोहे.

साडेनऊला फोन वाजला. "विलासदादा, कुठे आहात?"

"हॉलमध्येच आहे, ताई!"

"आम्हाला दिसत नाही तुम्ही."

"असं कसं, ताई? मी तर तुमच्या मामांच्या शेजारी उभा आहे!"

पलीकडे कोणाशी तरी कुजबुज. मग ती नवरी म्हणाली, "दादा, तुम्ही खालच्या हॉलमध्ये आहात. आमचं लग्न वर आहे."

विलासने आधी छताकडे बघितलं, मग समोरच्या वऱ्हाडाकडे. खालच्या हॉलमध्ये वरपक्षाला वाटत होतं हा मुलीकडचा, मुलीकडच्यांना वाटत होतं हा वरपक्षाचा! खरं तर दोघांनीही व्हिडिओवाला सांगितलाच नव्हता. नशीब, वरचा मुहूर्त साडेअकराचा होता. विलास लाइटसकट जिना चढला, वरचं लग्न पहिल्या अक्षतेपासून शेवटपर्यंत घेतलं.

निघताना खालच्या नवरीचे वडील त्याला जिन्यातच गाठायला आले. विलासला वाटलं, आता मार बसणार. ते हात धरून म्हणाले, "अहो, अर्ध्यात कुठे गेलात? मंगलाष्टकं राहिली ना! बरं ते असू दे, रुसलेली बहीण माझी सहा वर्षांनी हसली. पुढच्या महिन्यात पुतण्याचा साखरपुडा आहे. पत्ता लिहून घ्या. आणि या वेळी आमच्याच हॉलमध्ये शेवटपर्यंत थांबा!"

*

मी अंकलकडे असतानाची गोष्ट. आमच्या आळीत शेजारच्या मावशींनी आईला विचारलं, "मनीषा हल्ली काय करते गो?"

आई म्हणाली, "फोटो काढते."

"ते आमची संगीता पण काढते. काम काय करते?"

आई माझी शेतकरीण, उत्तर शोधत बसणारी नाही. "काम ना?" ती म्हणाली. "तुमच्या संगीताला जे बघून गेले ना परवा, त्यांना जो फोटो पाठवलात, तो काढायचं काम!"

*

तीन वर्षांनी अंकलने स्वतःहून सांगितलं, "अब तू खुद का काम कर. इधर रहेगी तो मेरे जैसी हो जाएगी, चष्मा दोरी पे." पहिलं काम त्यांनीच मिळवून दिलं, चिखलोलीतलं एक लग्न. नवरीच्या वडिलांचा, तात्यांचा फोन आला.

"फोटोग्राफरला द्या."

"बोलतेय."

"नाही, फोटोग्राफरला द्या."

"मीच फोटोग्राफर आहे, काका."

"मिस्टर बाहेर गेलेत का?"

"माझं लग्न झालेलं नाही."

"अरेरे!" तात्या मनापासून हळहळले.

लग्नाच्या दिवशी मी टेबलावर चढले, खुर्चीवर चढले, मांडवाच्या बांबूला एका हाताने लोंबकळले. तात्या लांबून बघत होते, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. मुहूर्ताला अर्धा तास राहिला आणि आत गडबड झाली. नवरी, पल्लवी, खोलीचं दार लावून बसली होती. तात्या दारावर थापा मारतायत, मामा समजावतायत, कोणाला काही कळेना. मी म्हटलं, "काका, मी जाते आत. बाकी कोणी येऊ नका."

पल्लवी आरशासमोर रडत होती. तिचा रंग सावळा, अगदी तुकतुकीत सावळा. आणि मेकअपवालीने तिला भिंतीसारखी पांढरी करून ठेवली होती. गळा एका रंगाचा, चेहरा दुसऱ्या!

"ही मी नाहीच," ती म्हणाली. "आयुष्यभर हा फोटो भिंतीवर बघायचा मी?"

मी घड्याळ बघितलं. कॅमेरा खाली ठेवला, तिला न्हाणीत नेलं, साबणाने तोंड धुतलं. मेकअपवाली माझ्यावर असं काही ओरडली, की बाहेर बँजोवाले थांबले! काजळ, टिकली, नथ. बस्स. खिडकीशी उभं केलं, एक फोटो काढला आणि स्क्रीन तिच्यापुढे धरली. ती बराच वेळ बघत राहिली. मग नाक पुसून म्हणाली, "चला."

ती दार उघडून बाहेर आली तेव्हा तात्या समोरच होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तसेच मागे वळून पाहुण्यांत गेले. वाटलं, पहिलीच ऑर्डर आणि शेवटचीही!

पाठवणी झाल्यावर मी सामान भरत होते. तात्या येऊन शेजारच्या खुर्चीत बसले. डोळे सुजलेले.

"धाकटीचं बघायला घेतोय," ते म्हणाले. "तुमची तारीख आधी सांगा. मुलगा नंतर बघू."

*

चिखलोलीच्या त्या लग्नात एक बिल्डर जेवायला होते. त्यांनी मला ब्रोशरच्या फोटोंसाठी बोलावलं. साइटवर उभं राहून म्हणाले, "आता स्टेशनचा फोटो घ्या."

मी चारी बाजूंना बघितलं. "साहेब, स्टेशन कुठंय?"

"होणार आहे. तिथे."

तिथे गवत होतं आणि गवतात सहा म्हशी.

"साहेब, तिथे म्हशी आहेत."

"म्हशी कट करा. मोकळी जागा पाहिजे. लोकांना कल्पना करू द्या!"

मी म्हशींशिवाय काढला. पण म्हशीही काढल्या, कारण सकाळच्या उजेडात त्यांच्या पाठी अशा चमकत होत्या की राहवलं नाही. ब्रोशर छापून आलं. आठवड्याने एक म्हातारे गृहस्थ मला शोधत बदलापूरला आले. हातात ब्रोशर. बोट ठेवून म्हणाले, "ही जागा माझ्या म्हशींची चरायची. इथं माझ्या म्हशी का नाय?"

मी काढलेला दुसरा फोटो दाखवला. त्यांनी एकेकीचं नाव घेतलं, "ही गौरी, ही चंपी, ही पाठमोरी आहे ती बायजा." मग मान डोलवून म्हणाले, "हा खरा फोटो. तो बिल्डरचा अर्धवट काढलाय."

*

त्या म्हशींच्या फोटोची मोठी प्रिंट म्हशीवाल्या आजोबांनी घरात लावली. ती बघून त्यांच्या व्याह्यांचा, दशरथमामांचा फोन आला. गाव वांगणीच्या बाजूला. "आमच्या तुफानचा बर्थडे हाय. बॅनर लावायचाय. फोटो भारी पायजे."

मी विचारलं, "तुफान कितीचा होतोय?"

"सहाचा."

मी चॉकलेट, दोन फुगे आणि एक टोपी घेऊन गेले. तुफान शर्यतीचा बैल निघाला!

पांढराशुभ्र, शिंगांना रंग, अंगावर झूल. बॅनरवर मधोमध तो आणि खाली पन्नास शुभेच्छुकांचे छोटे फोटो, असा बेत होता. पण तुफान काही केल्या तोंड दाखवेना. मी उजवीकडे गेले की तो डावीकडे. डावीकडे गेले की शेपूट. तास गेला, दीड तास गेला. टोपी त्याने खाल्ली. दशरथमामा म्हणाले, "आज त्याचा मूड नाय."

तेवढ्यात मामी पेजेची बादली घेऊन गोठ्यातून आल्या. "काय रं माझ्या सोन्या?" तुफानने एकदम मान वर केली, कान पुढे, डोळे लोण्यासारखे मऊ. मी पटापट पाच-सहा काढले. सुंदर फोटो!

मामांनी स्क्रीन बघितली आणि कपाळावर हात मारला. "ओ मॅडम, असा लाडात नको! खुनशी पायजे! समोरच्या गाडीवाल्याची फाटली पायजे बघून!"

मी विचार केला. मग मामींना आत पाठवलं आणि मामांना म्हटलं, "तुम्ही या. माझ्या शेजारी उभे राहा. त्याला दिसाल असे."

मामा उभे राहिले. तुफानने मालकाकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागे सरून फोटो काढला! मामी दारातून पदर तोंडाला लावून हसत होत्या. "रोज पळवतो ना त्याला. मग असाच बघणार!"

बॅनर नाक्यावर लागला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव. त्या महिन्यात चार बैल आले, एक घोडा आला आणि एका सकाळी एका अत्यंत नम्र माणसाचा फोन आला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. तुम्ही माणसांचेही फोटो काढता का?"

*

आता बदलापूर पूर्वेला माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. एकच गाळा, पण शटरवर माझं नाव. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी नुकतंच शटर वर केलं होतं, तर पायरीवर एक म्हातारे बाबा बसलेले. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीवरून आले होते. पहाटे निघालेले. धोतर नीळ घातलेलं, डोक्याला तेल, नवी टोपी.

"फोटो काढायचा, बाय," ते म्हणाले. "माझा नि बायकोचा."

मी बाहेर बघितलं. "आजी कुठायत?"

"ती गेली. चैतात."

मी त्यांना पाणी दिलं. विचारलं, आजींचा एखादा जुना फोटो आहे का, मी तुमच्याशेजारी जोडून देईन. नव्हता. भात लावला, लाकडं आणली, चार पोरं वाढवली, पण फोटो कधी काढला नाही. ती दरवर्षी म्हणायची, यंदा जाऊ बदलापूरला, जोडीनं काढू. दरवर्षी काहीतरी निघायचं. आधार कार्डावर तिचा एक होता, त्यात नुसता काळा डाग.

मी म्हटलं, "बाबा, मग तुमचा एकट्याचा काढते."

त्यांनी ते ऐकलंच नाही. माझ्याकडचा लाकडी बाक बघून उठले, जाऊन बसले. मध्ये नाही, उजव्या टोकाला. टोपी नीट केली, हात गुडघ्यांवर ठेवले. मी कॅमेरा त्यांच्यावर आणला, जवळून, फक्त ते येतील असा.

"बाय," ते म्हणाले, "तिला कापू नको."

मी मागे सरकले. पूर्ण बाक घेतला. दोन्ही बाजूंचे दिवे लावले आणि काढला. त्यांना प्रिंट हातात पाहिजे होती, म्हणून तिथेच काढून दिली. त्यांनी ती दारात उजेडाला नेली, लांब धरली, जवळ धरली. बराच वेळ. मी बाजूला उभी होते. प्रिंटमध्ये बाकाच्या एका टोकाला ते, अगदी ताठ, आणि बाकीचा बाक.

मग ते परत आत आले, प्रिंट टेबलावर ठेवली आणि पुन्हा बाकावर जाऊन उजव्या टोकाला बसले.

"फिरून काढ," ते म्हणाले. "डोळं मिटलं तिनं."

मी डावीकडचा दिवा थोडा खाली केला आणि परत काढला.